तीन मिंकोंचा मुलूख

अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या चॉक्टॉ लोकांचा इतिहास वाचू लागले की एक निदान हमखास समोर येते. त्यांना एक राजा नव्हता, एक राजधानी नव्हती, तीन विभागांचे तीन प्रमुख तीन दिशांना तोंडे करून बसलेले. मग १८३० साली मुलूख हातचा जाणारच होता, असे ते निदान. आपल्याला ते चटकन पटते, कारण दुहीने राज्ये बुडतात हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मिसिसिपीतल्या नानिह वाया टेकाडापासून ओक्लाहोमातल्या डुरंट शहरापर्यंत या लोकांच्या खुणा पाहत गेल्यावर माझे मत मात्र उलट झाले. चॉक्टॉंची जमीन ज्यांना हवी होती, त्यांना दर वेळी सही करणारा एकच माणूस हवा होता. असा माणूस मिळाला तेव्हा चॉक्टॉ हरले, आणि सत्ता पुन्हा वाटून घेतली तेव्हा सावरले. हे मत लगेच मान्य होण्यासारखे नाही, आणि त्याच्याविरुद्ध जाणारा पुरावाही याच वाटेवर भेटतो. म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

मिसिसिपी राज्यात फिलाडेल्फिया नावाचे एक छोटे गाव आहे, नेशोबा काउंटीचे मुख्य ठिकाण. तिथून ईशान्येला विन्स्टन काउंटीच्या दक्षिण टोकाशी, पाइनची झाडे आणि कुरणे यांच्या मुलखात, नानिह वाया उभे आहे. उंची जेमतेम २५ फूट, पायथा सुमारे २२० फूट लांब आणि १४० फूट रुंद, माथा सपाट, अंगभर गवत. लांबून पाहिले तर एखाद्या जुन्या तळ्याचा बांध असावा असे वाटते. ही सगळी माती माणसांनी वाहून आणून रचली आहे. भोवती एके काळी मातीचा तटही होता. पुढच्या पिढ्यांच्या नांगरांनी तो जवळजवळ सपाट केला. चॉक्टॉ या टेकाडाला आई मानतात. त्यांच्या उगमाच्या दोन कथा आहेत. एकीत माणसे इथे भूमीच्या पोटातून वर आली. दुसरीत चाहता आणि चिकासा हे दोघे भाऊ आपापल्या लोकांना घेऊन पश्चिमेकडून निघाले, सोबत पूर्वजांच्या अस्थी होत्या, रोज रात्री जमिनीत रोवलेली काठी सकाळी जिकडे कललेली दिसे तिकडे ते चालत, आणि इथे आल्यावर काठी सरळ उभी राहिली. या दोन कथा एकमेकींशी जुळत नाहीत, तरी चॉक्टॉंनी दोन्ही सांभाळल्या. अनेक दशके हे टेकाड राज्य सरकारचे उद्यान होते. २००८ साली ते मिसिसिपीतल्या चॉक्टॉंच्या ताब्यात परत आले.

टेकाड चॉक्टॉ या नावाहून कितीतरी जुने आहे. त्याचे वय दीड ते दोन हजार वर्षांच्या घरातले मानले जाते. चॉक्टॉंचा समाज घडला तो त्यानंतर पुष्कळ उशिरा. इतिहासकार पॅट्रिशिया गॅलोवे यांनी १९९५ सालच्या आपल्या ग्रंथात असे मांडले की सोळाव्या-सतराव्या शतकांत, आसपासची मोठी अधिराज्ये मोडल्यावर, वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले गट एकत्र येऊन हा समाज तयार झाला. अलाबामातल्या मंडव्हिल इथे अशा एका अधिराज्याचे केंद्र होते. तिथली प्रचंड टेकाडे आजही पाहता येतात. १५४० साली स्पॅनिश सेनानी हर्नांडो दे सोतो या मुलखातून गेला तेव्हा टास्कालुसा नावाचा बलाढ्य अधिपती त्याला भेटला. दे सोतोने त्याला ओलीस धरले, माबिला इथे भयंकर लढाई झाली आणि गाव जळून गेले. ज्या गटांच्या मागच्या पिढ्यांनी अशी अधिराज्ये उभी राहताना आणि कोसळताना पाहिली, त्यांनी पुढे नवे घर बांधताना सगळा भार एका खांबावर टाकला नाही. ही मांडणी नेमक्या शब्दांत सिद्ध करता येणार नाही, पण पश्चिमेला ओक्ला फलाया, पूर्वेला ओक्ला तनाप आणि दक्षिणेला ओक्ला हन्नाली असे जे तीन विभाग अठराव्या शतकात दिसतात, ते मूळच्या वेगळ्या गटांच्या आठवणीच असावेत असे मानायला मला भक्कम आधार दिसतो.

या तीन विभागांची घडण जरा जवळून पाहावी लागते, कारण ‘प्रमुख’ या शब्दाने आपली दिशाभूल होते. गावाला मिंको असे, विभागालाही मिंको असे. त्याच्या हाताशी तिशु मिंको हा साहाय्यक असे. सभेत त्याच्या वतीने बोलणे आणि समारंभांची व्यवस्था लावणे हे त्याचे काम. युद्धाचे पुढारी वेगळे. पण माणसाच्या जन्ममरणाचे, लग्नाचे आणि न्यायाचे प्रश्न मिंकोच्या हातात नव्हतेच. ते इक्सा म्हणजे आईकडून चालत आलेल्या कुळाच्या हातात होते. सगळा समाज इमोक्लाशा आणि इनहुलाहता अशा दोन भागांत विभागलेला होता आणि लग्न आपल्या भागाबाहेरच करायचे, हा नियम तीनही विभागांत चाले. मुलांना वळण लावण्याची जबाबदारी बापापेक्षा मामावर अधिक होती, कारण बाप दुसऱ्या कुळाचा. एखाद्याचा खून झाला तर मारेकऱ्याच्या कुळाने जीव देऊन भरपाई करायची. मिंको त्यात सरकारी वकील नव्हता आणि न्यायाधीशही नव्हता. मृताच्या अस्थींचे अखेरचे संस्कारसुद्धा दुसऱ्या भागातल्या लोकांनी करायचे असत. म्हणजे प्रत्येक माणूस एकाच वेळी गावाच्या, विभागाच्या आणि कुळाच्या धाग्यांनी बांधलेला होता, आणि हे तिन्ही धागे कोणा एकाच्या मुठीत नव्हते. तीन विभागांत भांडण झाले तरी कुळाचा धागा तिन्हींतून आरपार जात असे. याला दुही म्हणणे म्हणजे विणीला फाटलेले कापड म्हणण्यासारखे आहे.

निर्णय कसे होत, याचे एक वर्णन मला फार बोलके वाटते. सभेसाठी डहाळ्यांचा मोठा मांडव घालत आणि छताच्या मध्यभागी एक भोक ठेवत. ज्याला बोलायचे असेल त्याने त्या भोकाखाली, डोक्यावर ऊन घेऊन उभे राहायचे. ऐकणारे सगळे सावलीत. उन्हात उभे राहून बोलणाऱ्याला जितका वेळ सोसवेल तितका वेळ सावलीतल्यांनी ऐकून घेणे अवघड नाही, हा त्यामागचा विचार. मिसिसिपीतला उन्हाळा ज्याला माहीत आहे त्याला यातली कठोर न्यायबुद्धी कळेल. बोलणाऱ्याला अधिकार होता, पण त्या अधिकाराची झळ त्याच्याच अंगाला लागत होती. मिंकोकडेही हुकमाची ताकद नव्हती. मन वळवणे एवढाच त्याचा उपाय. १८११ साली शॉनी नेता टेकमसे अमेरिकेविरुद्ध सगळ्या जमातींची एक आघाडी उभारायला चॉक्टॉंकडे आला, तेव्हा पुशमताहा या मिंकोने त्याला सभेत विरोध केला, आणि चॉक्टॉ त्या आघाडीत गेले नाहीत. तो निर्णय शहाणपणाचा होता का, यावर वाद होऊ शकतो. पण तो वादातूनच झाला, हे महत्त्वाचे.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नाही. १७४६ ते १७५० या काळात चॉक्टॉंमध्ये यादवी पेटली, गावे जळाली, भाऊबंदांनी भाऊबंदांना मारले. एक मजबूत केंद्र असते तर हे टळले नसते का? त्या युद्धाची सुरुवात पाहिली तर उत्तर वेगळे मिळते. पश्चिम विभागातला शुलुश हुम्मा हा युद्धनेता फ्रेंचांच्या महागड्या आणि अपुऱ्या मालाला कंटाळून इंग्रज व्यापाऱ्यांकडे वळला. १७४६ साली तीन फ्रेंच मारले गेले. फ्रेंच गव्हर्नर व्होद्र्यूईने त्या बदल्यात तीन चॉक्टॉंचे जीव मागितले, त्यात शुलुश हुम्माचा जीव हवाच होता. फ्रेंच कायद्यात राजा दंड देतो; चॉक्टॉंच्या रीतीत एका कुळाने दुसऱ्या कुळाकडून भरपाई घ्यायची असते. चॉक्टॉंनीच चॉक्टॉ मारून परक्याची भरपाई करावी, अशी मागणी या व्यवस्थेत बसतच नव्हती. बंदुका, दारूगोळा आणि कापड ज्याच्या हातात, तो ती मागणी लावून धरू शकत होता. १७४७ साली शुलुश हुम्माला आपल्याच एका माणसाने ठार केले आणि युद्ध थांबायच्या ऐवजी पसरले. वाटून ठेवलेली सत्ता परक्या दबावाला बळी पडू शकते, हे मी मान्य करतो. पण दबाव नसताना ती कोसळत होती असा पुरावा मला सापडत नाही. १७५० नंतर तीनही विभाग पुन्हा एकत्र नांदू लागले, हेही त्याच खात्यावर जमा करायला हवे.

पुढच्या पन्नास वर्षांत फ्रेंच गेले, मग इंग्रज आणि स्पॅनिश मागे हटले, आणि एकच गिऱ्हाईक उरले: संयुक्त संस्थाने. १८०५ च्या माउंट डेक्स्टर कराराने सुमारे ४० लाख एकर जमीन गेली, आणि त्यातून मिळालेल्या पैशाचा मोठा भाग पँटन-लेस्ली या व्यापारी पेढीच्या कर्जात वळता झाला. १८२० साली डोक्स स्टँड इथे अँड्र्यू जॅक्सनने पुशमताहा, मुशुलाटबी आणि अपकशुनबी या तीन मिंकोंसमोर बसून आणखी सुमारे ५० लाख एकर घेतली आणि बदल्यात पश्चिमेकडची जमीन दिली. तिथे आधीच गोरे लोक राहत होते, तेव्हा तो सौदा दुरुस्त करून घ्यायला १८२४ साली तिघेही वॉशिंग्टनला निघाले. अपकशुनबी वाटेतच केंटकीत अपघाताने गेला, पुशमताहा वॉशिंग्टनमध्ये. राजधानीतल्या काँग्रेशनल दफनभूमीत त्याची समाधी आहे. तीन जुन्या मिंकोंपैकी दोघे एकाच हंगामात गेले, आणि त्यांच्या जागी आली ती मिश्र वंशाची, इंग्रजी शिकलेली, मिशनऱ्यांच्या जवळची पिढी. १८२६ साली याच पिढीने पहिली लेखी राज्यघटना केली. तीतही तीन विभाग ठेवले होते.

आता नॉक्सुबी काउंटीतल्या डान्सिंग रॅबिट क्रीककडे येतो, कारण माझ्या म्हणण्याचा कस इथेच लागतो. आज ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून नोंदलेली आहे, पण पाहायला फार काही नाही: ओढा, झाडी आणि स्मारकाचा दगड. १८३० चा घटनाक्रम मात्र नीट लावून पाहावा. जानेवारीत मिसिसिपी राज्याने कायदा करून चॉक्टॉंचे शासनच रद्द केले. जो कोणी मिंको म्हणून अधिकार गाजवील त्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कैद. मार्चमध्ये दबावाखाली भरलेल्या एका सभेत पूर्व विभागाचा डेव्हिड फोल्सम आणि दक्षिण विभागाचा प्रमुख बाजूला झाले आणि पश्चिमेचा ग्रीनवुड लेफ्लोर सगळ्या राष्ट्राचा एकमेव प्रमुख ठरला. चॉक्टॉंच्या आठवणीत असे कधी झाले नव्हते. या एकमेव प्रमुखाच्या नावाने लगेच स्थलांतराच्या कराराचा मसुदा वॉशिंग्टनला गेला. जुना मिंको मुशुलाटबी आणि दुसरा पुढारी निताकेची यांनी त्याला उघड विरोध केला, आणि सिनेटने तो मसुदा फेटाळला. एक प्रमुख झाल्याबरोबर पहिला दस्तऐवज निघाला तो देश सोडण्याचा, आणि तो अडला तो बाकीच्या विभागांच्या विरोधाचा पुरावा समोर असल्यामुळे. ‘एकी असती तर वाचले असते’ म्हणणाऱ्यांनी ही दोन महिन्यांची गोष्ट आधी समजावून सांगावी.

सप्टेंबरमध्ये जॉन ईटन आणि जॉन कॉफी हे सरकारी प्रतिनिधी ओढ्याकाठी आले. हजारो चॉक्टॉ जमले. मिशनऱ्यांना तळावर बंदी होती. दारूवाल्यांना आणि जुगाऱ्यांना नव्हती. मौखिक परंपरा सांगते की चर्चेच्या रिंगणात मधोमध ज्येष्ठ स्त्रिया बसल्या होत्या, आणि करार मान्य करा म्हणणाऱ्या एका चॉक्टॉवर त्यांच्यातली एक सुरी घेऊन धावली. सभेने करार नाकारला आणि बहुतेक लोक आपली कामे झाली असे समजून घरी गेले. जे थोडे उरले त्यांना ईटनने लष्कराचा आणि राज्याच्या कायद्याचा धाक दाखवला, आणि २७ सप्टेंबरला सह्या झाल्या. सुमारे १.१ कोटी एकर जमीन गेली. इथे आक्षेपक म्हणतील की सह्या तिन्ही प्रमुखांनी केल्या, मग वाटलेल्या सत्तेने काय वाचवले? प्रश्न रास्त आहे. कराराच्या पंधराव्या कलमात लेफ्लोर, निताकेची आणि मुशुलाटबी यांना प्रत्येकी चार सेक्शन, म्हणजे २,५६० एकर जमीन आणि वर्षाला २५० डॉलर दिले होते. तिघेही मोहाला बळी पडले हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याच कलमात पुढे आणखी एक ओळ आहे: राष्ट्राने सगळ्यांवर एक मुख्य प्रमुख निवडला तर त्याला वर्षाला ५०० डॉलर. विभागाच्या प्रमुखाच्या दुप्पट. एकच प्रमुख असण्यात अमेरिकन सरकारला किती रस होता, हे त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे. आणि नकार देऊन घरी गेलेल्या सभेला बाजूला ठेवल्याशिवाय हा करार झाला नाही, हेही विसरता येत नाही. हरली ती व्यवस्था नव्हती. तिला वळसा घालण्यात आला.

लेफ्लोर पश्चिमेला गेलाच नाही. मिसिसिपीतच राहून तो हजारो एकरांचा आणि शेकडो गुलामांचा मालक झाला, राज्याच्या सिनेटवर निवडून आला. ग्रीनवुड शहर आणि लेफ्लोर काउंटी त्याच्याच नावाची. बाकीच्यांची वाट वेगळी होती. हद्दपारीपूर्वीच्या मोजणीत चॉक्टॉ सुमारे १९,५०० भरले. त्यांतले बहुसंख्य १८३१ ते १८३३ या तीन हिवाळ्यांत व्हिक्सबर्ग आणि मेम्फिसमार्गे नदी ओलांडून गेले. पहिल्या हिवाळ्यात आर्कान्सात बर्फाने गाठले, पुढच्या वर्षी कॉलऱ्याने. वाटेत गेलेल्यांचा आकडा २,५०० च्या आसपास धरतात. फ्रेंच लेखक तोकव्हील त्या वेळी मेम्फिसला होता, आणि त्याने या लोकांना बोटीवर चढताना पाहिल्याचे लिहून ठेवले आहे.

जे मागे राहिले त्यांच्याविषयी थोडे थांबून बोलायला हवे, कारण माझा सर्वांत बळकट पुरावा तेच आहेत. कराराच्या चौदाव्या कलमानुसार राहू इच्छिणाऱ्या प्रत्येक कुटुंबप्रमुखाला ६४० एकर मिळायचे होते. सरकारी एजंट विल्यम वॉर्डने नोंदी टाळल्या, नाकारल्या. शेवटी नोंद झाली अवघ्या ६९ कुटुंबप्रमुखांची. पाच-सहा हजार लोक जमीन, कायदा आणि प्रमुख यांवाचून उरले. पुढे दुसऱ्याच्या शेतात अर्धलीने राबणे, त्यांच्या शाळा नाहीत, गोऱ्यांच्या शाळांत प्रवेश नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने त्यांच्यातला फार मोठा भाग कापून नेला आणि त्यानंतरच फिलाडेल्फियात सरकारी एजन्सी आली. शंभरावर वर्षे या लोकांना मान्यताप्राप्त मिंको नव्हता. तरी बोग चिटो, कोनेहाटा, टकर, स्टँडिंग पाइन, पर्ल रिव्हर या वस्त्यांत भाषा टिकली, नात्यांची वीण टिकली, दोन काठ्यांनी खेळायचा तोली टिकला. १९४५ साली राज्यघटना झाली ती वस्त्यांतून निवडून आलेल्या सभासदांची. मिसिसिपी राज्य तरीही न्यायालयात म्हणत राहिले की हे लोक आता जमात उरलेलेच नाहीत. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते म्हणणे फेटाळले. ज्या समाजाचे अस्तित्व प्रमुखावर टांगलेले असते तो प्रमुख गेल्यावर संपतो. मिसिसिपीतले चॉक्टॉ संपले नाहीत.

ओक्लाहोमाच्या आग्नेय कोपऱ्यात, किआमिची नदीच्या खोऱ्यात, डोंगर आणि पाइन पुन्हा भेटतात. चॉक्टॉंना ही भूमी अगदीच परकी वाटली नसावी. इथे त्यांनी पहिले मोठे काम केले ते जुनी घडण पुन्हा उभी करण्याचे. १८३४ साली नवी घटना झाली, टस्काहोमाजवळच्या सभागृहाला नाव दिले नानिह वाया, आणि नव्या भूमीचे तीन विभाग करून त्यांना मुशुलाटबी, अपकशुनबी आणि पुशमताहा ही नावे दिली. १८४७ साली उपासमारीने गांजलेल्या आयरिश लोकांसाठी याच लोकांनी स्कलीव्हिलमध्ये १७० डॉलर जमवून पाठवले. आयर्लंडमधल्या मिडल्टन गावी त्याचे स्मारक आहे. त्याच स्कलीव्हिलमध्ये १८५७ साली विभागप्रमुख काढून एकच गव्हर्नर नेमणारी घटना झाली आणि लोक इतके खवळले की आपसांत शस्त्रे निघायची वेळ आली. विरोधकांची भीती स्पष्ट होती: एक गव्हर्नर म्हणजे अमेरिकन राज्य होण्याची पायरी, आणि ही घटना लोकांच्या मताला टाकलेलीही नव्हती. १८६० साली डोक्सव्हिल इथे तडजोड झाली: मुख्य प्रमुख एक, पण त्याच्यासोबत तीन विभागांचे तीन प्रमुख कायम. डोक्सव्हिलचे आज फोर्ट टाउसनजवळ पाये उरले आहेत. एका शासनपद्धतीसाठी माणसे इतकी अडून बसली होती ते ठिकाण म्हणून मी ते पाहतो.

पण त्याच ठिकाणी दुसरा आक्षेप सामोरा येतो, आणि माझ्या दृष्टीने तो पहिल्यापेक्षा जड आहे. १८६० साली चॉक्टॉ राष्ट्रात सुमारे २,३०० काळे गुलाम होते. डोक्सव्हिलच्या तडजोडीत, त्या आधीच्या मांडवातल्या सभांत, या माणसांचा आवाज कुठेच नव्हता. अमेरिकन यादवी युद्धात चॉक्टॉ शासनाने दक्षिणेची बाजू घेतली. मातृकुळाचे नियमही नव्या कायद्यांत बापाकडे झुकले, आणि मतदान उरले पुरुषांपुरते. ज्या स्त्रिया ओढ्याकाठच्या रिंगणात मध्यभागी होत्या त्या कागदावरून गळाल्या. सत्ता वाटलेली होती, पण कोणाकोणांत, हा प्रश्न मला टाळता येत नाही. माझे उत्तर एवढेच की गुलामगिरी तीन विभागांच्या घडणीतून आली नाही. ती कापसाच्या शेतीबरोबर, लेफ्लोरसारख्यांच्या मळ्यांबरोबर आली. मात्र त्या घडणीने तिला अडवलेही नाही, आणि हा तिच्यावरचा डाग आहे. १८६६ च्या कराराने गुलाम मुक्त झाले. त्यांना नागरिक म्हणून स्वीकारायला चॉक्टॉ शासनाने १८८५ साल उजाडू दिले.

टस्काहोमाची लाल विटांची राजधानी १८८४ साली बांधली गेली. आज तिथे संग्रहालय आहे. त्या काळचा न्याय कसा चाले याचे एक उदाहरण सायलन लुइसचे. १८९२ च्या निवडणुकीनंतरच्या राजकीय हत्यांबद्दल त्याला मृत्युदंड झाला. शिक्षेच्या दिवसापर्यंत तो मोकळा होता. नोव्हेंबर १८९४ मध्ये ठरल्या दिवशी तो स्वतःहून हजर झाला आणि गोळ्या घालून शिक्षा अमलात आली.  तुरुंगाच्या भिंतीपेक्षा शब्दावर चालणारी ही न्यायव्यवस्था १८९८ च्या कर्टिस कायद्याने मोडली. सामाईक जमीन माणशी वाटली गेली: चॉक्टॉ असेल तर सरासरी ३२० एकर, मुक्त गुलामांपैकी असेल तर ४०. १९०७ साली ओक्लाहोमा राज्य झाले. त्याआधीच १९०६ च्या कायद्याने प्रमुखाला पदावरून दूर करण्याचा आणि नवा नेमण्याचा अधिकार अमेरिकेच्या अध्यक्षाकडे गेला होता.

पुढची साठ-पासष्ट वर्षे म्हणजे माझ्या मुद्द्याची जणू प्रयोगशाळाच. विभागप्रमुख नाहीत, नियमित सभा नाही, आहे तो वॉशिंग्टनने नेमलेला एक माणूस. याच व्यवस्थेत, हॅरी बेल्विन प्रमुख असताना, १९५९ साली चॉक्टॉ राष्ट्राचे उरलेसुरले शासन संपवणारा कायदा मंजूर झाला. बेल्विनचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही; उरलेली मालमत्ता लोकांत वाटली जावी एवढेच त्याला हवे होते, असे दिसते. पण एका माणसाने मान्य केलेली गोष्ट साऱ्या लोकांनी मान्य केली असे सरकारने धरले. कायद्याचा अर्थ लोकांना उमगला तेव्हा ओक्लाहोमा सिटीतल्या तरुण चॉक्टॉंनी गावोगाव बैठका घेऊन विरोध उभा केला. २४ ऑगस्ट १९७० रोजी, कायदा लागू होण्याच्या तोंडावर, तो रद्द झाला. त्याच वर्षी प्रमुख थेट निवडण्याचा हक्क परत मिळाला. १९७१ च्या पहिल्या निवडणुकीत बेल्विनच जिंकला. लोकांनी निवडलेला प्रमुख दर वेळी आपल्याला हवा तसाच असेल असे नाही. १९७५ साली तो हरला, आणि हरवता येणे हाच फरक होता.

आता डुरंट. चॉक्टॉ राष्ट्राचे मुख्यालय, दवाखाने, कॅसिनो, २०२१ साली उघडलेले सांस्कृतिक केंद्र. नोंदणीकृत नागरिक दोन लाखांवर. इथे शेवटचा आक्षेप घेता येईल: १९८३ च्या घटनेने मुख्य प्रमुख एकच ठेवला आहे, आणि याच घटनेखाली राष्ट्र भरभराटीला आले, मग तीन मिंकोंचे कौतुक कशाला? मी तीन या आकड्याचा आग्रह धरत नाही. धरतो तो इतकाच, की प्रमुखाच्या सहीमागे त्याला अडवू शकणारे लोक असावेत. आजच्या घटनेत बारा मतदारसंघांतून निवडून आलेली बारा सभासदांची परिषद आहे. २०२१ मध्ये सायझमोर खटल्यात ओक्लाहोमाच्या फौजदारी अपील न्यायालयाने मान्य केले की चॉक्टॉंचा राखीव प्रदेश कायद्याने कधी मोडलाच नव्हता. त्यामुळे फौजदारी न्यायाची मोठी जबाबदारी पुन्हा या शासनाकडे आली आहे, आणि ती पेलायला न्यायालये आणि पोलीस उभे करावे लागत आहेत. त्याच वर्षी मुख्य प्रमुख गॅरी बॅटन यांनी खुल्या पत्रातून दुसरा प्रश्न लोकांपुढे ठेवला: मुक्त गुलामांच्या वंशजांचा. १८८५ साली त्यांच्या पूर्वजांना मिळालेले नागरिकत्व १९८३ च्या घटनेतल्या रक्ताच्या अटीने काढून घेतले आहे. ते परत द्यायचे तर घटना बदलावी लागेल, आणि घटना बदलायची तर चॉक्टॉ नागरिकांना मतदान करावे लागेल. प्रमुखाच्या सहीने ते होणार नाही. ते मतदान लवकर व्हावे असे मला मनापासून वाटते, आणि त्या आधीच्या सभांत या वंशजांनाही उभे राहून बोलू द्यावे.